चिप काही बोलली नाही

"सर, आता आणखी काय तपासायचं राहिलं?"

अभिराजने हे तिसऱ्यांदा विचारलं. नांद्रेकर सर निवांत बशीतला चहा फुंकत होते.

दारात टेम्पो उभा. मिरजेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या वर्कशॉपातून चाळीस डबे गावोगावच्या दवाखान्यांत निघाले होते. लसींचा फ्रीज आठ अंशांच्या वर गेला की डब्याने बोंब मारायची. चाचणीपुरता हा आकडा आम्ही बारा ठेवला होता. तो आठ करायचं काम अभिराजच्या नव्या ड्रायव्हरचं. म्हणजे कर्नलचा, डब्यातल्या मुख्य प्रोग्रॅमचा, हुकूम मेमरी चिपपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम. चाळीसही डब्यांना 'लिहिलं' असा हिरवा शेरा मिळाला होता.

पोरगं हुशार, यात वाद नाही. पण शिंगं फुटलेली!

"आठ लिहिलंय?" सरांनी विचारलं.

"लिहिलंय."

"कोण म्हणालं?"

"ड्रायव्हर म्हणाला. आणि ड्रायव्हर मी लिहिलाय."

"आणि चिप काय म्हणाली?"

"ती कशाला काय म्हणेल? नाही म्हणाली नाही, म्हणजे झालंच की."

"मौन म्हणजे संमती, असं होय!"

"तसंच समजा, सर."

सरांनी एक डबा उघडायला लावला. "विचार तिला, तुझ्यात काय आहे."

अभिराजने चिप वाचली.

बारा.

त्याने दुसरा डबा उघडला. बारा...

अहो, चाळीसही बोर्डांवर राइट-प्रोटेक्टचा जंपर मीच बसवला होता. नखाएवढी टोपी. ती बसली की चिपला कुलूप. मग लिही म्हणा, ती मुकाट ऐकून घेते आणि करत काहीच नाही. अभिराजच्या टेबलावरच्या बोर्डाला टोपीच नव्हती, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत.

"लसी खराब झाल्या असत्या," तो पुटपुटला. "आणि तशाच पोरांना टोचल्या असत्या..."

सरांनी हातातली बशी खाली ठेवली.

"कुलूपच नको, सर. सगळे जंपर काढून फेकतो."

"वीज गचके खाते तेव्हा चिपवर काय वाट्टेल ते लिहिलं जातं. आकड्याची राखण ते कुलूपच करतं. त्याच्यावर कशाला चिडतोस?"

"मग चिडू कुणावर?"

सरांनी चहाची दुसरी बशी भरून त्याच्यापुढे सरकवली.

त्याने चहा संपवला. मग स्वतः बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला म्हणाला, "मामा, चुकलं माझं. तासभर थांबाल का?" हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

त्याने ड्रायव्हर बदलला. लिहिण्याआधी कुलूप आहे का बघायचं. लिहिल्यावर परत वाचायचं. जुळलं तरच हिरवा शेरा.

मग तो टोपी घातलेल्याच एका डब्यावर चालवून पाहिला.

पडदा लाल झाला. 'कुलूप लागलंय. लिहिलं नाही.'

"सर, नाही म्हणतोय! सरळ नाही म्हणतोय!" पहिला नंबर आल्यावरसुद्धा एवढा खूश झाला नसेल तो.

सरांनी चिमट्याने जंपर अलगद उपसला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"चल. आता त्याचं 'हो' ऐकू."