प्रमुख पाहुण्यांचं घड्याळ

कुरुंदवाडच्या दिवाळी पहाटेला गाणी झाली, नकला झाल्या. जादूगार मालतीबाई गुरव मंचावर आल्या आणि प्रमुख पाहुणे आबासाहेब थोरवत गरजले, "जादूबिदू सगळं थोतांड! माझ्या हातातलं हे घड्याळ माझ्या नकळत घेऊन दाखवा, नाहीतर गावात तुमचे खेळ बंद!"

मालतीबाईंनी मंचावर नजर फिरवली. तेवढ्यात त्यांना माइक दिसला.

"घेते की. त्याआधी आपण दोन शब्द बोलावेत."

आबासाहेब खुलले. वेळेचं भान राहावं म्हणून सवयीने त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि बोलत सुटले.

चाळीस मिनिटांनी थांबले, तर घड्याळ मालतीबाईंच्या हातात!

"कधी घेतलंत?"

"तुमच्या दुसऱ्याच वाक्याला, आबासाहेब. नंतर एकदा जरी घड्याळाकडे बघितलं असतंत, तर पकडले गेले असते की!"