दूताने न नेलेली नाव

फार वर्षांपूर्वी युरोपच्या दक्षिणेला, समुद्रकाठी एक लहानसं राज्य होतं. बंदरासमोर एक डोंगराळ बेट होतं आणि त्यावर ऑलिव्हच्या बागाच बागा होत्या. राज्याची एक मोठी नाव सकाळी माणसांना फुकट बेटावर न्यायची आणि संध्याकाळी भरलेल्या टोपल्यांसकट परत आणायची. ऑलिव्हचं तेल काढायचं आणि विकायचं, यावरच तिथल्या चुली पेटत.

तिथल्या राजाला घोड्यांच्या शर्यतींचं भारी वेड. त्याने उत्तरेकडच्या एका श्रीमंत व्यापारी नगराकडून कर्ज काढलं आणि संगमरवरी पायऱ्यांचं शर्यतीचं मैदान बांधलं. उद्घाटनाला आतषबाजी झाली, सगळ्यांनी मिठाई खाल्ली. पैसे कुठून आले, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

मग कर्ज फेडायची वेळ आली आणि तिजोरी रिकामी निघाली. उत्तरेच्या नगराने निरोप पाठवला, "खर्च कमी करा आणि आमचे पैसे द्या."

राजाने खर्च कमी केला. दवाखान्यातले वैद्य घरी पाठवले. शाळा एक दिवसाआड भरू लागली. फुकट चालणारी ती नाव साखळदंडाने धक्क्याला बांधून टाकली. घोडे मात्र तबेल्यात होते तसेच राहिले.

लोक खवळले. रोज चौकात जमून ते रिकामी भांडी बडवू लागले. शिपायांनी हाकलून लावलं, की दुसऱ्या दिवशी आणखी लोक येत.

ही बातमी उत्तरेला पोचली, तेव्हा व्यापाऱ्यांनी आपला एक दूत पाठवला. हा दूत मोठा चौकस होता. कुठे दार बंद दिसलं तर आत काय असेल, कोणी रडताना दिसलं तर का रडत असेल, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"नसत्या चौकशा करू नकोस," व्यापाऱ्यांनी त्याला बजावलं. "वसुली कर आणि ये."

राजाने त्याचं स्वागत केलं आणि म्हणाला, "आमचे लोक आळशी झालेत हो. कामं सोडून भांडी वाजवत बसतात."

"पण महाराज, कामं सोडून भांडी वाजवण्यात कसली आलीय मजा?" दूताने विचारलं.

राजाने वाढलेल्या ताटांकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "आधी जेवून घ्या."

जेवण आटोपून दूत एकटाच चौकात गेला. तिथे एक म्हातारी तांब्याचं भलंमोठं पातेलं पळीने बडवत होती. तिला सगळे थेक्लाआजी म्हणत.

"आजी, एवढं बडवून पैसे येतात का हो?"

"पैसे नाही येत. पण राजाला झोपही नाही येत," हात न थांबवता आजी म्हणाली. "तू कुठला रे बाबा?"

"उत्तरेचा. ज्यांचं कर्ज आहे, त्यांचा माणूस."

आजूबाजूची भांडी एकदम थांबली. एका दांडग्या तरुणाने त्याची कॉलर पकडली. मागून कोणीतरी ओरडलं, "टाका याला समुद्रात!"

"सोड त्याला," आजी तरुणावर डाफरली. "तो बुडाला म्हणून कर्ज बुडणार आहे का?" मग ती दूताकडे वळली. "पण खरं सांग, तुमच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचे ढीग आहेत म्हणतात. आमच्याकडचं थोडं बुडालं तर काय बिघडलं?"

"त्या ढिगात आमच्याकडच्या चांभारांचे, विधवांचे पैसे आहेत, आजी. त्यांनी विश्वासाने ठेवलेत. कर्ज बुडालं तर आधी त्यांचं बुडेल."

आजीने पळी खाली ठेवली. हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

"आता मला एक सांगा," दूत म्हणाला. "तुम्ही कामाला का जात नाही?"

"कसे जाणार? पोहत?" तो तरुण उसळून म्हणाला.

दूताला हे डोळ्यांनी बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एका कोळ्याच्या होडीतून बेटावर निघाला. तो, आजी आणि वल्हवणारा, एवढ्यानेच होडी भरली. टोपलीला जागा उरली नाही.

बेटावर झाडांखाली जमीन काळी झाली होती. पिकून गळलेल्या ऑलिव्हचा जाड थर साचला होता आणि कुजका वास सुटला होता. दूताचा पाय सटकला. कसाबसा सावरून तो तिथेच उभा राहिला.

"या सगळ्याचं तेल झालं असतं?"

"झालं असतं की."

"आणि त्या तेलाचे पैसे?"

"निम्मे तरी कर्जापोटी तुझ्याच नगरात गेले असते," आजी म्हणाली.

ते परत आले, तेव्हा धक्क्यावर राजा वाट बघत होता. शिपाई नावेचा साखळदंड तोडत होते.

"तिजोरीत पैसे नाहीत," राजा म्हणाला. "पण ही नाव उत्तम लाकडाची आहे. ती घेऊन जा. चांगली किंमत येईल."

नाव चालली, हे कळताच सगळं गाव धक्क्यावर लोटलं. आज कोणाच्या हातात भांडी नव्हती, दगड आणि वल्ही होती. शिपायांनी भाले रोखले. पहिल्या रांगेतल्या शिपायासमोर त्याचीच मावशी दगड घेऊन उभी होती.

नाव नेली तर दूताला नगरात शाबासकी मिळणार होती. रिकाम्या हाताने गेलं तर नोकरी जाणार, हे नक्की. तो नावेकडे बघत राहिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, "महाराज, यंदा मी नाव नेली, तर पुढच्या वर्षी काय न्यायला येऊ?"

राजाने तोंड फिरवलं.

"बागा काही मला नेता येणार नाहीत. मग काय नेऊ?"

"घोडे!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

राजा लालबुंद झाला. त्याने लोकांकडे पाहिलं, भाल्यांकडे पाहिलं. शिपाई खाली मान घालून उभे होते. मग तो पुटपुटला, "घोडे घेऊन जा. नाव राहू दे."

दूत लोकांकडे वळला. "घोड्यांनी सगळं फिटणार नाही. उरलेलं तेलातून द्यावं लागेल. द्याल?"

"आम्ही थोडंच घेतलं होतं?" तो तरुण तडकून म्हणाला. पुष्कळांनी माना डोलावल्या.

थेक्लाआजी पुढे आली. "आम्ही नव्हतं घेतलं, पण त्या चांभारांनी तरी आमचं काय वाकडं केलंय? देऊ आम्ही. मात्र किती आलं आणि कुठे गेलं, हे राजाने दर वर्षी चौकात उभं राहून सांगायचं."

राजाला हे गिळणं जड गेलं, पण त्याने मान हलवली. एकेक दगड खाली पडला.

दूत घोडे घेऊन परतला. "नाव सोडून आलास?" म्हणून व्यापाऱ्यांनी त्याला कामावरून काढून टाकलं. पण पुढच्या हंगामात तेलाने भरलेलं एक जहाज उत्तरेला लागलं. त्यानंतरच्या हंगामात दोन आली. कर्ज फिटायला खूप वर्षं लागली आणि चौकातली भांडणंही पूर्ण थांबली नाहीत, पण नाव रोज बेटावर जात राहिली.

व्यापाऱ्यांनी दूताला परत बोलावलं. तो म्हणाला, "येतो. पण यापुढे कर्ज देण्याआधी मी तिथे जाणार. ते पैसे कशाला हवेत, हे राजालाही विचारणार आणि लोकांनाही."

तात्पर्य एवढंच, की घेतलेलं फेडलंच पाहिजे; पण ज्या हातांनी ते फेडायचं, तेच बांधून ठेवले, तर देणाऱ्याचंही भलं होत नाही आणि घेणाऱ्याचंही नाही.