टिटव्यांना मिळालेले नाल

फार वर्षांपूर्वी हत्तीमहाराजांच्या राज्याच्या अगदी टोकाला एक नदी होती. तिच्या काठाची राखण टिटव्यांचं पथक करायचं आणि त्यांच्यातलीच साळूबाई त्यांची नाईक होती. सुरुवातीला राजधानीतून पथकासाठी दरवर्षी दाण्यांची दोन पोती यायची. मग एकच येऊ लागलं. पुढे खजिना घोड्याच्या हाती गेला आणि अर्ध्या पोत्यासोबत नाल आले, एका टिटवीमागे चार.

साळूबाई उडत राजधानीला गेली. "साहेब, माझ्या पोरी उपाशी पहारा देताहेत. नाल घेऊन काय करू? आम्हाला खूर नाहीत आणि पायही दोनच."

घोडा गंभीर झाला. "म्हणजे दिलेली मदत वापरलीच नाही! मग पुढची कशी द्यायची? आणि उरलेले दोन पाय कुठे गेले, तेही लेखी कळवा."

आहे तेही बंद पडू नये म्हणून साळूबाईने सगळ्यांच्या गळ्यात नाल बांधले. त्याच आठवड्यात अंडी चोरायला मुंगूस आलं. टिटव्यांना उडता येईना. त्या भेदरून खडकांवर धडपडल्या आणि नालांचा असा खणखणाट झाला, की घोडदळ आलं समजून मुंगूस पळत सुटलं.

राजधानीत आनंदीआनंद झाला. घोड्याचं पत्र आलं, 'नाल फारच गुणकारी ठरले. सबब दाणे कायमचे बंद, नाल दुप्पट.'

साळूबाईच्या पोटात कावळे ओरडत होते. पत्र दोनदा वाचून ती पथकाकडे वळली.

"पोरींनो, उद्यापासून खिंकाळायला शिका. घोड्यांना हरभरा मिळतो म्हणे."