चार देऊन एक

“चार द्यायचे आणि एक घ्यायचा. असा सौदा आहे, सर. करू का?”

लांजेवार सर बॉलमध्ये हवा भरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“चार कोण?”

“बाकावरचे.”

“अन् एक?”

“हुद्दार.”

पंप थांबला.

जयदीप हुद्दार हे नाव बास्केटबॉल न पाहणाऱ्यांनाही ऐकून माहीत होतं. देशाचा माजी कप्तान, सध्या दुसऱ्या एका संघाकडून खेळणारा. आता चाळिशीच्या उंबरठ्यावर होता, तरी तो कोर्टवर उतरला की लोक अजून उभे राहत.

विचारणारा शिरीष वैरागडे. लांजेवार सरांच्या हाताखाली तयार झालेला, एके काळचा राज्याचा खेळाडू. आता नागपुरातल्या एका मोठ्या मंडळाचा कोच. त्याचा संघ लागोपाठ दोन वर्षं राज्य लीगच्या फायनलला पोचला होता आणि दोन्ही वेळा हरला होता. शिरीष सहसा कुणाला काही विचारत नसे. तो सल्ला घ्यायला आलाय हे सरांनाही नवीन होतं.

सर शाळेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली होती. पण शाळेमागच्या सिमेंटच्या कोर्टवर ते रोज सकाळी मुलींचा सराव घेत. त्या सकाळीही मुली कोर्टवर पळत होत्या.

“दोन्ही फायनल शेवटच्या क्वार्टरमध्ये गेल्या, सर,” शिरीष म्हणाला. “पोरांचे पाय जड होतात. समोर गर्दी दिसली की बिचकतात. मला न घाबरणारा एक माणूस पाहिजे.”

“अन् त्याचा गुडघा?”

“दुखतो. पण अर्धा हुद्दार म्हणजे पुरे दोन खेळाडू.”

“कमिटी काय म्हणते?”

“यंदा नाही जिंकलो, तर दुसरा कोच आणतील. आज दुपारपर्यंत होकार कळवायचाय.”

“म्हणजे तू ठरवूनच आला.”

शिरीष हसला. “तुमचा आशीर्वाद असावा म्हणून...”

सरांनी बॉल अंगठ्यानं दाबून पाहिला.

“हुद्दार कुठाय?”

“गाडीत बसवलाय. म्हटलं, आधी मी बोलतो.”

“बूट आणले का तुझे?”

“आहेत गाडीत. का?”

“घालून ये.”

शिरीष बूट घालून आला. सरांनी मुलींना बोलावलं. चौघींना त्याच्या बाजूला दिलं, पाच जणींना समोर उभं केलं. उरलेल्या बाहेर बसल्या.

“कितीचा गेम, सर?”

“मी सांगेन तेव्हा थांबायचं.”

खेळ सुरू झाला. शिरीषचं वय पंचेचाळीसच्या पुढं होतं, पण हात अजून जागेवर होता. त्यानं बॉल घेतला, दोन मुलींना चकवलं, बोर्डावर टेकवून बॉल आत टाकला. त्याच्या बाजूच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

सरांनी शिट्टी मारली. त्याच्या बाजूच्या एका मुलीकडे बोट केलं.

“तू बाहेर.”

“तिनं काय केलं, सर?”

“काही नाही. खेळ.”

शिरीषनं पुन्हा बास्केट केली. शिट्टी वाजली. आणखी एक मुलगी बाहेर गेली.

आता त्याच्या बाजूला दोघी उरल्या होत्या. त्यातली एक उंच होती, बास्केटखाली मोकळी उभी होती, हात वर करून बॉल मागत होती. शिरीषनं तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच लांबून मारला. गेला.

शिट्टी.

उंच मुलगी मान खाली घालून बाहेर जाऊन बसली.

चौथी बास्केट पडली, शेवटचीही बाहेर गेली. आता कोर्टवर त्याच्या बाजूनं तो एकटा होता. समोर पाच जणी. त्यांना आता गंमत वाटू लागली होती. त्यांनी बॉल एकमेकींकडे फिरवला, फिरवला, आणि सावकाश बास्केट केली.

बॉल शिरीषचा झाला. तो बॉल घेऊन बास्केटमागच्या रेषेबाहेर गेला. तिथून कुणाला तरी आत टाकायचा, मग खेळ सुरू. नियमच तो.

तो बॉल डोक्यावर धरून उभा राहिला.

आत कुणी नव्हतं...

त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. समोर पाच मुली वाट पाहत होत्या. त्यांच्यातली एकही हलली नाही. बाहेर बसलेल्यांपैकी कुणी हसलं नाही.

“सर, टाकू कुणाला?”



तेवढ्यात कोर्टच्या फाटकातून एक उंच माणूस आत आला. पायात साध्या चपला, एका पायावर जरा जास्त भार. तो रेषेच्या आत येऊन उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले.

शिरीषनं बॉल टाकला.

हुद्दारनं तो झेलला. पळाला नाही. पळण्याचा प्रयत्नही केला नाही. उभा होता तिथूनच, अर्ध्या कोर्टच्याही अलीकडून, त्यानं बॉल उंच सोडला. बॉल हवेत खूप वेळ राहिल्यासारखा वाटला. रिंगला न शिवता जाळीतून खाली आला.

मुली बघत राहिल्या.

सरांनी शिट्टी मारली.

“शिरीष, बाहेर.”

मुली हसायला लागल्या. हुद्दारही हसला. शिरीषला हसू आलं नाही. तो बाहेर येऊन सिमेंटवर बसला. शर्ट घामानं अंगाला चिकटला होता.

शाळेची वेळ झाली तशा मुली पिशव्या उचलून गेल्या. जाताना सगळ्यांनी हुद्दारच्या पाया पडून घेतलं. हुद्दारला ते आवडत नसावं. तो प्रत्येकीला “अगं, नको” म्हणत होता.

मग तो शिरीषच्या शेजारी बसला. बसताना त्यानं उजवा पाय सरळ ठेवला.

“तुम्ही मला आधी का नाही आणलंत आत?” त्यानं शिरीषला विचारलं.

“तुमच्याबद्दल बोलायचं होतं.”

“माझ्याबद्दल मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं.” हुद्दार गुडघ्यावरून हात फिरवत राहिला. “माझ्यात एका मॅचला एकच क्वार्टर उरलाय. तेवढा मी कुणालाही ऐकत नाही. पण चारांपैकी कुठला, ते मला आधी सांगता येत नाही. सकाळी उठल्यावरही कळत नाही. कोर्टवर उतरल्यावर कळतं.”

“आणि बाकीचे तीन?”

“बाकीच्या तिनांत मी कोर्टवर उभा असतो. लोकांना वाटतं मी खेळतोय.”

शिरीष बुटांच्या नाड्या सोडू लागला.

हुद्दार म्हणाला, “तुम्ही मला घ्या. मला यायचंय. आमच्या संघात आता मला जाहिरातीच्या फोटोपुरतं ठेवलंय. मला एक फायनल खेळायचीय. खोटं कशाला बोलू? पण आल्यावर म्हणू नका की सांगितलं नाही.”

सर इतका वेळ बॉल जाळीच्या पिशवीत भरत होते. त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं.

“शिरीष, ते चौघं. मागच्या फायनलला किती खेळले?”



“नाही खेळले.”

“एकही?”

“मॅच अटीतटीची होती, सर. भरवसा नव्हता.”

“अन् त्याच्या आधीच्या?”

“तेव्हाही नाही.”

“म्हणजे तुझे पाच जण पूर्ण वेळ पळाले. अन् शेवटच्या क्वार्टरला त्यांचे पाय जड झाले.”

“हो.”

सर पिशवी खांद्याला लावून उभे राहिले.

“मग तू देऊन राहिला तरी काय? ते चौघं तू अजून घेतलेच नाहीत. आधी घे तरी.”

आणि ते चालू लागले.

शिरीष बराच वेळ तिथंच बसून होता. हुद्दारही उठला नाही. ऊन कोर्टच्या मध्यापर्यंत आलं. मग शिरीषचा फोन वाजला. मंडळाचे सेक्रेटरी होते. शिरीषनं एकच वाक्य सांगितलं.

“सौदा नको.”

पलीकडून बराच आवाज आला. शिरीषनं ऐकून घेतलं आणि फोन खिशात ठेवला.

“मी तुम्हाला स्टेशनवर सोडतो,” तो हुद्दारला म्हणाला.

“चहा पाजा आधी,” हुद्दार म्हणाला.

चहा पिऊन दोघं निघाले. स्टेशनवर हुद्दारनं त्याचा हात हातात घेतला. “तुमच्या जागी मी असतो तर मला घेतलं असतं,” तो म्हणाला. तो रागावलेला नव्हता. गाडीत चढताना त्यानं उजवा पाय हातानं उचलून पायरीवर ठेवला, ते शिरीषनं पाहिलं.

आठवड्याभरात नाशिकच्या संघानं आपले चार खेळाडू देऊन हुद्दारला घेतलं.

त्या हंगामात शिरीषनं चौघांना खेळवलं. सुरुवातीला वाईट गेलं. एकानं भलत्याच वेळी बॉल गमावला, दुसऱ्यानं फाउलवर फाउल केले. सुरुवातीचे सामने हरले तेव्हा कमिटीतल्या एकानं भर मैदानात शिरीषला सुनावलं. तरी शिरीषनं चौघांना पुन्हा बाकावर बसवलं नाही. हळूहळू ते चुकायला कमी घाबरू लागले. त्यातला मनीष घोडमारे तर असा काही बचाव करू लागला की समोरचा कप्तान चिडून त्याच्या अंगावर धावला. मुख्य पाच जणांना विसावा मिळू लागला. शेवटच्या क्वार्टरमध्ये आता त्यांचे पाय चालत होते.

संघ तिसऱ्यांदा फायनलला पोचला. समोर नाशिक होतं.

तीन क्वार्टर नागपूर पुढं होतं. हुद्दार कोर्टवर होता आणि नव्हताही. बॉल त्याच्याकडे यायचा, तो दुसऱ्याला द्यायचा. नाशिककडे त्याच्या जागी उतरवायला कुणी उरलं नव्हतं. गॅलरीतले लोक त्याला म्हातारा म्हणू लागले.

चौथा क्वार्टर सुरू झाला आणि हुद्दारनं पहिल्यांदा शिरीषकडे पाहिलं.

शिरीषला कळलं.

त्यानं दर थोड्या वेळानं नवा माणूस हुद्दारवर लावला. चौघंही आळीपाळीनं त्याला भिडले. घोडमारेनं जीव तोडून अडवलं. हुद्दार त्यांच्या अंगावरून, बगलेतून, त्यांच्या पसरलेल्या बोटांवरून बास्केट करत राहिला. शेवटची बास्केटही त्यानंच केली आणि तिथंच खाली बसला. नाशिक एका बास्केटनं जिंकलं. हुद्दारला उचलून बाहेर न्यावं लागलं.

कमिटीनं महिन्याभरात दुसरा कोच नेमला.

मुलींचा सराव संपत आला असताना एका सकाळी शिरीष कोर्टवर आला. सरांनी त्याला पाहिलं आणि पिशवीचं एक टोक धरायला सांगितलं. त्यानं धरलं. सर एकेक बॉल आत टाकू लागले.

“घोडमारेला राज्याच्या शिबिराचं बोलावणं आलंय,” शिरीष म्हणाला.

“हं.”

“बाकीचे तिघं नव्या कोचकडे आता पहिल्या पाचात आहेत.”

“हं.”

“हुद्दारचा फोन होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खेळ सोडला म्हणाला. खुशीत होता.”

सरांनी मान हलवली.

पिशवी भरली. मुली गेल्या. शिरीषनं पिशवी खाली ठेवली, पण हात तिच्यावरच राहिला.

“सर, तुम्ही म्हणालात तसं केलं. चौघांनाही घेतलं. खेळवलं. जीव लावून खेळले... तरी हरलो.”

लांजेवार सरांनी त्याच्याकडे पाहिलं.

“तो ‘तरी’ काढ,” ते म्हणाले. “अन् पुन्हा सांग.”