एकाच चाकाची दोन बेअरिंगं

घाटमाथ्यावरच्या एका गावात श्रीधर गवस नावाचा गिरणीवाला राहत होता. भात भरडायची त्याची गिरणी होती आणि दारात एक जुनी मोटार होती. शेजारच्या सगुणाकाकूंची मूत्रपिंडं निकामी झाली होती. डायलिसिससाठी त्यांना आठवड्यातून दोनदा घाट उतरून खालच्या शहरातल्या इस्पितळात जावं लागे. श्रीधर त्यांना न्यायचा आणि परत आणायचा. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. काकूंना जवळचं माणूस नव्हतं आणि याच्याकडे गाडी होती, एवढंच.

एकदा गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून घूं घूं असा आवाज येऊ लागला. उजवीकडचं वळण आलं की तो वाढायचा. श्रीधरने गाडी तालुक्याला बाबल मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. बाबलने चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "बेअरिंग गेलंय. नवीन टाकतो. संध्याकाळी या."

संध्याकाळी गाडी तयार होती. आवाज बंद झाला होता. "आता घाटात निर्धास्त चालवा," बाबल म्हणाला. श्रीधरने त्याच्यावर विश्वास ठेवला. न ठेवायला काही कारण नव्हतं.

महिनाभर गाडी बरी चालली. मग एके दिवशी घाट उतरताना तोच आवाज परत आला, आणि आता तो नुसता घुमत नव्हता, गुरगुरत होता. एका वळणावर स्टिअरिंग श्रीधरच्या हातात थरथरलं. डाव्या बाजूला दरी होती. मागे काकू दोन्ही हातांनी सीट धरून बसल्या होत्या. आरशात श्रीधरला त्यांचा भेदरलेला चेहरा दिसला. त्याने गाडी अगदी हळू हाकत काकूंना इस्पितळात पोचवलं आणि तशीच हळू परत आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अंगणातच चाक उघडायचं ठरवलं. गिरणीची बेअरिंगं तो स्वतःच बदलत असे, त्यामुळे हत्यारं घरात होती. त्याने मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू जॅकवर उचलली, चाक काढलं, ब्रेक सोडवला आणि आतला सगळा जोड बाहेर काढला. त्याची बायको शालन एकेक नट ताटलीत जपून ठेवत होती.

बेअरिंग जागेवर धरून ठेवणारी पोलादी कडी गंजून तिथेच चिकटली होती. ती कित्येक वर्षांत कुणी हलवली नव्हती हे उघड होतं. तिला तेल पाजून कशीबशी सोडवली तेव्हा आत जुनंच बेअरिंग निघालं. त्याच्या रबरी झाकणाला एक बारीक भोक होतं. भोकातून आत ताजं ग्रीस भरलेलं होतं. ग्रीस पुसलं, तर खाली छर्रे खवले निघून झिजलेले.

श्रीधर खाली बसला.

"काय झालं?" शालनने विचारलं.

"त्याने बदललंच नाही. सुईने ग्रीस भरलं, आवाज दाबला आणि गाडी माझ्या हातात दिली. घाटात निर्धास्त चालवा म्हणाला. मी एका आजारी बाईला यात बसवून दरीच्या कडेने नेत होतो, शालन. महिनाभर."

हा राग रास्त होता. एखाद्याला काम जमलं नाही तर समजू शकतं. पण न केलेलं काम केलं म्हणून सांगायचं आणि वर दुसऱ्याच्या जिवाची हमी द्यायची, याला काय म्हणावं?

श्रीधर ते बेअरिंग पिशवीत घालून एसटीने तालुक्याला गेला. गॅरेजात त्याने ते बाबलसमोर धरलं. बाबलने त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. म्हणाला, "भाऊ, आवाज बंद करून पाहिजे होता. झाला होता ना बंद?"

"तू बेअरिंग नवीन टाकतो म्हणाला होतास."

"ते माझंच कशावरून? मधे दुसऱ्या कुणी उघडलं असेल." असं म्हणून तो दुसऱ्या गाडीखाली शिरला.

श्रीधर तिथून तडक गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेला आणि नवीन बेअरिंग घेतलं. दुकानदार म्हणाला, "हे ठोकून बसवू नका. चौकातल्या लेथवाल्याकडे दाबायचं यंत्र आहे, प्रेस, तिथे सरळ दाबून घ्या."

"आता मला कुणाच्या दारात जायचं नाही," श्रीधर म्हणाला. "माझं मी बसवीन."

दुपारी तो पुन्हा अंगणात बसला. काम करताना त्याच्या डोक्यात बाबलच होता. आपण काय बोलायला हवं होतं, चारचौघांत त्याला कसं उघडं पाडायला हवं होतं, हेच तो मनात घोळवत होता. बेअरिंग थोडं तिरकं शिरलं आणि अडकलं. श्रीधरने हातोडा घेतला. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर लाकूड ठेवून हलके ठोके मारायला हवे होते. त्याने रागाच्या भरात आतल्या कड्यावरच दणके घातले. बेअरिंग बसलं, पण त्या दणक्यांचा मार छर्‍यांनी खाल्ला.

संध्याकाळपर्यंत चाक जोडून झालं. श्रीधरने गाडी गावातून फिरवून आणली. आवाज आला नाही. मग त्याने पुन्हा जॅक लावला, चाकामागच्या स्प्रिंगवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. स्प्रिंगमधून हाताला बारीक खरखर लागली. त्याने पुन्हा फिरवून पाहिलं. पुन्हा तीच खरखर.

गिरणीवाल्याच्या हाताला ती खरखर अनोळखी नव्हती. बेअरिंग दुखावलं होतं. आज आवाज नाही, पण पुढे कधीतरी येणार होता, आणि कुठल्या वळणावर ते सांगता येणार नव्हतं.

"नीट झालं ना?" शालनने विचारलं.

"झालं."

"मग चेहरा असा का?"

"सकाळपासून राबतोय," तो तिच्यावर खेकसला. "फसवलं मला त्याने, धावपळ माझी झाली, आणि आता तूही उलटतपासणी घे. नवं बेअरिंग घातलंय. आणखी काय करू?"

शालन नटांची रिकामी ताटली उचलून आत गेली. सकाळी काकूंना इस्पितळात न्यायचं होतं. श्रीधर न जेवताच झोपला.

सकाळी तो काकूंच्या दाराशी गेला तेव्हा त्या पिशवी घेऊन पायरीवर तयार बसल्या होत्या. "बाबलने फार वाईट केलं रे," त्या म्हणाल्या. "पण आता तू स्वतः बसवलंयस. आज मी मागे झोपून येईन. आता काळजी नाही."

श्रीधर गाडीचं दार उघडायला गेला. हात कडीवरच राहिला. कालपासून तो ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होता, तो माणूस आता काकूंसमोर किल्ली घेऊन उभा आहे, असं त्याला वाटलं.

"काकू, या गाडीत बसू नका," तो म्हणाला. "नवं बेअरिंग बसवताना मीच खराब केलं. मला कालच कळलं होतं."

काकू गहिवरल्या नाहीत, चिडल्या. "कालच कळलं होतं, तर कालच का नाही सांगितलंस? दुसऱ्या कुणाची गाडी सांगून ठेवली असती. माझा नंबर गेला तर शरीरात साठलेलं पाणी मी कुठे नेऊ?"

श्रीधरने किल्ली खिशात टाकली. तो धावत रस्त्यावर गेला. दुधाचा टेम्पो घाट उतरत होता, तो त्याने थांबवला. काकूंना पुढे बसवलं आणि स्वतः मागे दुधाच्या कॅनांच्या गर्दीत उभा राहिला. नंबर गेला होता. काकूंना दुपारपर्यंत बाकावर ताटकळावं लागलं. त्यांचे पाय सुजले होते. श्रीधर ते बघत शेजारी बसून राहिला. उशिरा खरं बोलल्याचीही शिक्षा कुणाला तरी भोगावी लागते, आणि ती बहुतेक वेळा भलत्यालाच भोगावी लागते.

घरी आल्यावर त्याने आधी शालनला आणि मग गावातल्या लोकांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा उघडलं. या खेपेला तो सगळा जोड घेऊन तालुक्याच्या चौकातल्या लेथवाल्याकडे गेला आणि दुसरं नवं बेअरिंग प्रेसवर सरळ दाबून घेतलं. घरी येऊन स्वतः चाक जोडलं. स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरवलं. हाताला काही लागलं नाही. त्याने शालनचाही हात तिथे ठेवायला लावला.

मग तो बाबलच्या गॅरेजात गेला. तिथे चार गिऱ्हाइकं बसली होती. श्रीधरने पिशवीतून दोन बेअरिंगं काढून टेबलावर ठेवली.

"हे तू बदललं म्हणालास आणि बदललं नाहीस. हे मी बसवताना बिघडवलं. माझं मी काकूंना सांगितलं, गावालाही सांगितलं. आता तुझं तू यांना सांग."

"कशाला तमाशा करता, भाऊ?" बाबल खालच्या आवाजात म्हणाला. "सगळेच करतात असं."

"सगळ्यांचं ते सगळे सांगतील. तुझं तू सांग."

बाबल फडक्याने हात पुसत राहिला. बाकावरचे एक म्हातारे शिक्षक उठून त्याच्यापाशी आले आणि म्हणाले, "मिस्त्री, माझ्या गाडीचे ब्रेक तुम्ही परवा नवे घातलेत. जुने काढलेले कुठे आहेत? मला बघू द्या."

बाबलने खाली पाहिलं. दाखवायला त्याच्याजवळ काही नव्हतं. शिक्षक गाडी तिथेच ठेवून घरी पायी निघाले, आणि बाकीचे तिघे आपापल्या किल्ल्या मागू लागले.

तात्पर्य: दुसऱ्याच्या अप्रामाणिकपणाची चीड येणं पुरेसं नाही. जो आपली चूक आपणच आणि वेळेवर सांगतो, त्यालाच दुसऱ्याला जाब विचारायचा अधिकार आहे. आणि तो जाब त्याने जरूर विचारावा.