हैबतीचा निरोप सगळ्यांना पोचतो

भेकरमाळ नावाच्या डोंगरातल्या गावात हैबती नावाचा एक भोळा माणूस होता. मनानं सोनं. डोक्याचं काय सांगावं? सांगितलं तेवढंच करायचा, आणि तेच नडायचं.

गावात रेंज नव्हती. टॉवरसाठी खणलेल्या खड्ड्यात पंधरा वर्षं म्हशी बसत होत्या. शेवटी शाळेच्या मोहितेबाईंनी गावातल्या आणि आसपासच्या सगळ्यांच्या फोनवर ‘हातोहात’ नावाचं एक ॲप घालून दिलं. त्याला टॉवर लागत नाही, मध्ये कुणी साहेब लागत नाही. फोनजवळ फोन आला की निरोप या फोनवरून त्या फोनवर उडी मारतो, आणि असा उड्या मारत मारत मुक्कामी पोचतो. बाईंनी हे हैबतीला तीनदा समजावलं. चौथीपर्यंत त्याला त्यांनीच शिकवलं होतं, त्याची त्यांना अजून टोचणी होती.

हैबतीला आत्याला निरोप धाडायचा होता. फोनजवळ फोन यायला हवा, म्हणून तो डोंगर उतरून दोन कोस चालत आत्याच्या घरी गेला. आत्याच्या फोनला फोन टेकवून त्यानं निरोप सोडला, ‘आत्या, मी बरा आहे, येणार नाही.’

बाईंनी कपाळावर हात मारला. “अरे, आपण जायचं नसतं! निरोप सोडायचा आणि गप घरी बसायचं. वाटेतली माणसं नेतात पुढं.”

हैबतीनं मान हलवली. हे त्याला पटलं.

चार दिवसांनी आईनं करंज्यांचा डबा दिला. “आत्याकडं पोचव बाबा.” हैबती वेशीवर गेला, पहिल्या दिसलेल्या माणसाच्या हातात डबा दिला, “पुढं द्या” म्हणाला आणि घरी येऊन गप बसला. डबा सहा हातांतून आत्याकडं पोचला. आत एक कांदा होता. सहाव्या माणसाला रिकामा डबा द्यायची लाज वाटली असावी.

बाईंनी कपाळावर हात मारला. “अरे, निरोपाला कुलूप असतं. मधल्याला तो उघडता येत नाही. ज्याचा त्यानंच उघडायचा!”

हैबतीनं मान हलवली. हेही पटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची बायजाक्का धापा टाकत आली. “हैबती, पळ! वामनतात्यांना सांग, जोंधळ्यात म्हैस शिरलीया!” हैबती पळाला. तात्या अंघोळीला बसले होते. तात्यांची बायको म्हणाली, “काय रं, काय झालं?”

“सांगता येत नाही, काकू. कुलूप आहे.”

“कशाला कुलूप?”

“निरोपाला. तात्यांनीच उघडायचा.”

तात्यांची अंघोळ झाली, पूजा झाली, चहा झाला. मग हैबतीनं कुलूप उघडलं. तोवर निम्मा जोंधळा म्हशीच्या पोटात गेला होता. म्हैस हैबतीचीच होती.

बाईंनी कपाळावर हात मारला. कपाळ आता लालच राहायला लागलं होतं. “अरे, असला नडीचा, घाईचा निरोप एकट्यासाठी धरून बसतात का? सगळ्यांना द्यायचा! दिसेल त्याला!”

हैबतीनं मान हलवली. हे तर फारच पटलं.

आता खरी गोष्ट. हैबती बत्तीस वर्षांचा होता आणि आईनं त्याच्यासाठी अकरा मुली बघितल्या होत्या. दरवेळी पोहे खाऊन मायलेक परत यायचे आणि ‘कळवतो’ म्हणून कळवायचं राहून जायचं. बारावी दोन डोंगरांपलीकडची गोजरा. ती हैबतीकडं बघून हसली. कीव येऊन नव्हे, मनापासून हसली. हैबतीला त्या रात्री झोप आली नाही. आपल्याकडं बघून असं कुणी हसलं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. तिचे वडील निघताना म्हणाले होते, “सोमवारपर्यंत काय ते ठरवा. दुसरं स्थळ दारात हाय.”

शनिवारी बाजाराचा दिवस. आई म्हणाली, “बाजारात त्यांच्या गावची माणसं असत्यात. फोनवरनं धाड निरोप. जीव लावून धाड, पोरा, नडीचा हाय.”

नडीचा म्हटल्यावर हैबतीला बाईंचं बोलणं आठवलं. त्यानं गोजराच्या वडिलांचं नाव सोडून ‘सगळ्यांना’ हे बटण दाबलं: ‘मुलगी पसंत आहे. सोमवारी सुपारी फोडायला या. हैबती, भेकरमाळ.’ भर बाजारात निरोप टोपलीवरून टोपलीवर उड्या मारत नऊ गावांत गेला.

अकरांपैकी सहा मुली अजून लग्नाच्या होत्या. सोमवारी सकाळी तीन बाप मुली आणि नारळ घेऊन अंगणात हजर. आणखी जीपगाड्यांची धूळ खाली दिसत होती. आईनं धावत जाऊन बाईंना बोलावून आणलं.

“बाई, काहीतरी करा! गोजराची माणसं आली आणि हे बघितलं तर पोराचं लग्न मोडलं!”

बाईंनी कपाळाकडं नेलेला हात घाईनं खाली घेतला. “अंगणातल्यांना मी समजावते. हैबती, तू वेशीवर जा. हात जोडून सांग, निरोप चुकून आला, सुपारी नाही, परत जा. दिसेल त्याला सांग, एकालाही सोडू नकोस!”

हैबती पळाला. तासाभरानं घामानं निथळत, हसत परत आला. अंगण रिकामं झालं होतं.

“किती आले होते रे?” आईनं भीतभीत विचारलं.

“चार. तीन लगेच वळले. चौथे लई हट्टी! म्हणाले, ‘जावईबापू, मी गोजराचा बाप.’ मी म्हणालो, ‘आबा, तुम्ही कुणी का असेना, बाईंनी सांगितलंय, एकालाही सोडायचं नाही.’ चिडून गेले, पण गेले.”

बाईंचा हात आपोआप कपाळावर गेला. हैबतीनं खांद्यावरचा पंचा काढून घाम पुसला, अंगणात सतरंजी नीट अंथरली आणि वाटेकडं तोंड करून बसला.

“चला, गर्दी गेली,” तो म्हणाला. “आता गोजरा आली की निवांत सुपारी फोडू.”