निळ्याचा अंधार

यंत्रांच्या घरातही भाऊबंदकी चाले, तेव्हाची ही गोष्ट. गजाभाऊ फोटोवाल्यांच्या कॅमेऱ्यात तीन भावांचं बिऱ्हाड होतं. तिघांच्या डोळ्यांवर काचा होत्या: एकाची लाल, एकाची हिरवी, एकाची निळी. ज्याच्या त्याच्या काचेतून येईल तेवढाच उजेड ज्याला त्याला दिसे. तिघांनी आपापलं सांगितलं, की कॅमेरा त्याची बेरीज करून रंग ठरवी: लाल नि हिरवा उजेड मिळून पिवळा, तिन्ही मिळून पांढरा.

एकदा हळदीचा फोटो होता. नवरीची साडी पिवळीधमक.

"भरपूर उजेड!" लाल्या म्हणाला.

"मलाही!" हिरव्या म्हणाला.

निळ्याला नुसता अंधार दिसत होता. प्रत्येक हळदीला तो "काही नाही" एवढंच सांगे आणि भाऊ त्याला फुकटखाऊ म्हणत. या वेळी त्यानं अब्रू वाचवली. "मलाही भरपूर!" तो म्हणाला.

फोटोत साडी पांढरीफटक आली. नवरीची आत्या कडाडली, "अहो गजाभाऊ, हळदीच्या दिवशी पोरीला पांढरं नेसवलंत?"

भावांनी निळ्याला फैलावर घेतलं. "नाही दिसलं, तर नाही म्हणावं! त्यात लाज कसली?" निळ्यानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी गर्द निळ्या पैठणीतली वरमाई समोर बसली.

"भरपूर उजेड," निळ्या हळूच म्हणाला.

लाल्यापुढे मिट्ट काळोख होता, हिरव्यापुढेही. त्यानं हिरव्याकडे पाहिलं. हिरव्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग दोघं एकदमच म्हणाले, "आम्हालाही!"